पिकअप उंच करायची आहे? आधी टायर ठरवा

ऊसतोड संपल्यावर पाणंदीची काय दशा होते ते गावाकडच्यांना सांगायला नको. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंना गुडघाभर चाकोरी पाडलेली असते आणि मधे वरंबा उभा राहतो. अशाच एका पाणंदीत माझ्या मित्राची व्ही-क्रॉस पिकअप बसली. गाडी दोन इंच उचललेली, नवे शॉकअप, पुढून बघितली तर रुबाबदार. पण मागच्या ॲक्सलचा गोळा (मधला फुगीर भाग, डिफरन्शिअल) वरंब्यात रुतला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आला. दोर सोडताना ट्रॅक्टरवाल्यानं सहज विचारलं, "एवढी उंच केली, मग अडकली कशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि मित्राकडे उत्तर नव्हतं. उत्तर असं आहे: सस्पेन्शन उचललं की चेसिस वर जातो, बंपर वर जातो, पायदान वर जातं. मागचा ॲक्सल मात्र होता तिथेच राहतो, कारण तो चाकांना जोडलेला आहे आणि चेसिस त्याच्यावर पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) आधारानं बसलेला आहे. गोळा जमिनीपासून किती उंच असेल ते एकच गोष्ट ठरवते, टायरचा व्यास. म्हणून नवख्या माणसाला माझं पहिलं सांगणं हेच असतं की लिफ्ट किटच्या जाहिराती बाजूला ठेव. आधी टायर ठरव, मग वजन मोज आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग निवड. बहुतेक जण बरोबर उलट्या क्रमानं जातात आणि दोनदा पैसे घालवतात.

इथे डोळ्यासमोर इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस धरली आहे, कारण आपल्याकडे हौशी लोकांच्या हाती तीच जास्त दिसते. २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सची रचनाही याच धर्तीची आहे: पुढे चाक धरणारे दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ ॲक्सल आणि पाटे. त्यामुळे आकडे बदलून हेच सगळं तिलाही लागू होतं. जुन्या काही पिकअपना पुढे कॉइलच्या जागी टॉर्शन बार (पिळ घेणारी लोखंडी दांडी) असतो. त्यांची गोष्ट वेगळी, त्यात मी शिरत नाही.

पहिली पायरी: अडतंय कुठे ते बघा

महिनाभर गाडी आहे तशीच चालवा आणि काय घासतं, कुठे घासतं ते लिहून ठेवा. खरंच लिहा. नदीच्या पात्रात उतरताना पुढचा बंपर टेकतो का? बांध ओलांडताना पोट टेकतं का? मागून हौद्याचा खालचा भाग किंवा टो-हूक घासतो का? की चाकोरीत गोळा लागतो? पहिल्या तिन्हींवर सस्पेन्शन लिफ्टचा उपयोग होतो, चौथ्यावर होत नाही. आणि यातलं काहीच होत नसेल, फक्त गाडी बसकी दिसते म्हणून उचलायची असेल, तर तसं स्वतःशी कबूल करा. दिसण्यासाठी खर्च करण्यात पाप नाही, पण मग कमीत कमी छेडछाड करून भागतं.

व्ही-क्रॉसचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनी २२५ मिलिमीटर सांगते. सह्याद्रीतल्या बहुतेक गावरस्त्यांना तेवढा पुरतो. मला विचाराल तर दहातल्या सहा गाड्यांना चांगले ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे) टायर सोडून काहीच लागत नाही.

दुसरी पायरी: टायरचं गणित

टायरच्या बाजूवर आकडे असतात, उदाहरणार्थ २५५/६० आर १८. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा रिमचा व्यास, इंचात. आर म्हणजे रेडियल. एकाच खुणेत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा तिन्ही मापांचा काला आहे, पण एकदा हिशेब केला की भीती जाते.

२५५ चे ६० टक्के म्हणजे १५३ मिलिमीटर, ही एका बाजूची भिंत. वर आणि खाली मिळून ३०६. रिमचे १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर. बेरीज ७६३ मिलिमीटर, साधारण ३० इंच. १८ इंची रिमच्या व्ही-क्रॉसवर हेच टायर येतात. हायलक्सवर २६५/६० आर १८ येतात, त्यांचा व्यास ७७५.

आता पर्याय बघू. २६५/६० आर १८ घेतला तर व्यास १२ मिलिमीटरनं वाढतो आणि गोळा त्याच्या निम्म्यानं, म्हणजे ६ मिलिमीटर वर जातो. २६५/६५ आर १८ चा व्यास ८०२ च्या जवळ जातो, गोळा १९ मिलिमीटर वर. १७ इंची रिम लावून २६५/७० आर १७ घातला तरी व्यास जवळपास तेवढाच, ८०३, पण भिंत उंच मिळते. २८५/७० आर १७ म्हणजे ८३१ मिलिमीटर, गोळा ३४ मिलिमीटर वर.

तुम्ही म्हणाल, १९ मिलिमीटर म्हणजे जेमतेम पाऊण इंच, त्याचं काय कौतुक? पाणंदीत पाऊण इंच म्हणजे ट्रॅक्टर बोलवायचा की नाही, एवढा फरक असतो.

पण त्याची किंमतही मोजावी लागते. व्यास ७६३ वरून ८०२ झाला की चाक एका फेऱ्यात ५ टक्के जास्त अंतर कापतं. मीटरवर १०० दिसत असताना गाडी आधीपेक्षा ५ टक्के जोरात धावत असते. कंपनीचा मीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे पूर्ण पाचाचा फरक पडेलच असं नाही, पण सुरक्षेसाठी ठेवलेली ती फट संपते. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर १०० च्या मर्यादेत चालवणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. एकदा जीपीएस लावून मीटर ताडून बघा. याच कारणानं किलोमीटरही कमी नोंदले जातात. मीटरप्रमाणे १२ चं ॲव्हरेज दिसत असेल तर खरं १२.६ असतं. मोठे टायर लावल्यावर "ॲव्हरेज पडलं" म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा. ॲव्हरेज पडतंच, पण दिसतं तेवढं नाही.

गिअर लांब झाल्यासारखे वाटतात. चढाला तिसऱ्यावर ओढणारी गाडी दुसरा मागते. टायर जड असल्यानं ब्रेकला जास्त काम पडतं. ८०२ पर्यंत हे सहन होतं. ८३१ चे टायर लावून आंबोली किंवा वरंधा घाटात भरल्या गाडीनं चढून बघा, मग मी २८५ ची शिफारस का करत नाही ते कळेल. शिवाय त्यांच्यासाठी आतलं प्लॅस्टिक कापावं लागतं, वरचा आर्म बदलावा लागतो आणि कधीकधी केबिन चेसिसला जोडणारा माउंटही ठोकावा लागतो. पहिल्यांदा करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

थोडक्यात, २६५/६० आर १८ किंवा १७ इंची रिमवर २६५/६५ आर १७ (व्यास ७७६) हे सहसा न उचललेल्या व्ही-क्रॉसमध्येही बसतात. ८०२-८०३ वाल्यांना ४० ते ५० मिलिमीटर लिफ्टची जोड हवी. तरीही पूर्ण स्टिअरिंग वळवून मडफ्लॅप आणि चाकाच्या कमानीचं मागचं प्लॅस्टिक तपासावं लागतं.

टायरचा पोत

माप ठरलं की जात ठरवायची. डांबरासाठी हायवे टेरेन, दोन्हींसाठी ऑल-टेरेन, चिखलासाठी मड-टेरेन. दुकानदार मड-टेरेन दाखवतो, कारण ते दिसतात दणकट. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या चिकण मातीत त्यांचा उपयोग आहे हे खरं. ती माती ऑल-टेरेनच्या खाचांत पुरणासारखी भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मड-टेरेनच्या खाचा मोठ्या असतात, चाक जोरात फिरवलं की चिखल झटकला जातो. पण वर्षातले किती दिवस तुम्ही तिथे असता? ओल्या डांबरावर मड-टेरेनची पकड कमी असते, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाते आणि ८० च्या वर पिठाच्या गिरणीसारखा आवाज येतो. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला मी ते कधीच सुचवत नाही.

कोकणातला जांभा आणि मुरूम, घाटमाथ्यावरचा काळा दगड, दोन्हींसाठी ऑल-टेरेन उत्तम. काळ्या दगडाच्या कडा चाकूसारख्या असतात आणि टायर चिरतो तो तळाला नाही, बाजूला. तिथे पंक्चर काढता येत नाही. म्हणून बाजूची भिंत मजबूत असलेला टायर बघा. मी १८ ऐवजी १७ इंची रिमकडे झुकतो त्याचंही हेच कारण. व्यास तेवढाच ठेवून रबर जास्त आणि धातू कमी, म्हणजे खड्ड्यात रिम वाचते आणि वाळूत हवा कमी करता येते. फक्त १७ इंची रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरवरून मोकळी फिरते ना, ते एक रिम चढवून बघितल्याशिवाय चार घेऊ नका.

बीएफगुडरिच, योकोहामा जिओलँडर, अपोलो अप्टेरा, सिएट क्रॉसड्राइव्ह, सगळ्यांचे ऑल-टेरेन मिळतात, पण हवं ते माप हवं तेव्हा मिळेलच असं नाही. जून २०२० मध्ये केंद्रानं टायरच्या आयातीवर परवान्याची अट घातली, तेव्हापासून परदेशी टायरच्या काही मापांचा तुटवडा अधूनमधून जाणवतो. म्हणून दुर्मीळ मापाच्या मागे लागू नका. प्रवासात एक टायर फाटला तर कोल्हापुरात किंवा नांदेडला तसाच मिळायला हवा.

विकत घेताना तीन खुणा वाचा. आयएसआयची खूण. भाराचा आकडा: ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५०. कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा कमी कधीही घेऊ नका. आणि बनावटीची तारीख, चार आकड्यांत: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायर पाचच घ्या, चार नाही. स्टेपनी लहान राहिली तर फोर-व्हीलमध्ये चालवताना ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो. मोठी स्टेपनी हौद्याखाली बसते का, सायलेन्सरला लागते का, हे दुकानातच बघून घ्या.

रिमच्या बाबतीत एकच सावधगिरी. चाक बाहेर काढणारे कमी ऑफसेटचे रिम आणि रिममागे बसणाऱ्या चकत्या यांच्या नादाला लागू नका. चाक जितकं बाहेर, तितकं वळताना ते मोठा घेर घेतं आणि जे टायर एरवी बसले असते तेच घासायला लागतात. व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच. २६५ च्या टायरला ७.५ ते ८.५ इंच रुंदीची रिम पुरते.

तिसरी पायरी: वजनकाट्यावर जा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. स्प्रिंग उंचीप्रमाणे निवडत नाहीत, वजनाप्रमाणे निवडतात. उंची हा तिचा परिणाम आहे.

गाडीत नेहमी जे सामान असतं ते भरा: टूल-बॉक्स, हौद्यावरची कॅनोपी, डिझेलची पूर्ण टाकी, घरची माणसं. मार्केट यार्डाच्या किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि आकडा लिहा, मग पूर्ण गाडी घ्या. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलचा भार कळतो. कोऱ्या गाडीच्या तुलनेत कायमचं वजन किती वाढलंय, पुढे किती, मागे किती, हे कागदावर आलं की स्प्रिंग विकणाऱ्याशी बोलायला तुम्ही तयार झालात.

स्प्रिंग बनवणाऱ्या कंपन्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या एआरबीची ओल्ड मॅन इमू किंवा आयर्नमॅन, एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या भाराच्या स्प्रिंगा देतात. पुढे साध्या बंपरसाठी एक, लोखंडी बंपरसाठी दुसरी. मागे रिकाम्या हौद्यासाठी एक, कायमच्या दोन-तीनशे किलोंसाठी दुसरी. आपल्याकडे लोक "हेवी द्या" म्हणतात, कारण हेवी म्हणजे चांगलं. रिकाम्या गाडीला हेवी पाटे लावले तर गाडी खड्ड्यावर उड्या मारते, मागचं चाक रस्ता सोडतं आणि मागे बसलेले आजी-आजोबा पुन्हा गाडीत बसत नाहीत. शिवाय ते पाटे दाबलेच जात नाहीत, त्यामुळे ओबडधोबड जागी चाक जमिनीला टेकत नाही. म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेच गेलं.

चौथी पायरी: पुढचं सस्पेन्शन

पुढे उंची वाढवायचे तीन मार्ग आहेत.

सगळ्यात स्वस्त म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर बसणारी जाड चकती, म्हणजे स्पेसर. शॉकअप खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी टेकलेला असतो, टोकाला नाही. म्हणून २५ मिलिमीटरच्या चकतीनं चाकापाशी जवळपास दुप्पट फरक पडतो. बरेच जण ५० चा स्पेसर मागवतात आणि गाडी हरणासारखी पाय ताणून उभी राहते. अशा वेळी चाक खाली लोंबलं की आर्म मर्यादेपलीकडे जातो, वरचा बॉल जॉइंट अडतो आणि पुढच्या चाकांना ताकद नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (वाकूनही फिरणारे सांधे) तिरके होऊन त्यांचे रबरी बूट फाटतात. बूट फाटला की आतलं ग्रीस जातं, धूळ शिरते आणि काही महिन्यांत वळताना कट-कट सुरू होते.

दुसरा मार्ग, स्प्रिंग आणि तिच्या वरच्या बैठकीमध्ये पातळ चकती. यानं शॉकअपची लांबी बदलत नाही, स्प्रिंग फक्त जास्त दाबलेली बसते. उंची मिळते, पण चाकाची खाली जायची जागा कमी होते आणि खड्ड्यात उतरताना पुढे ठक्क आवाज येतो.

तिसरा आणि योग्य मार्ग, तुमच्या वजनाला मोजलेली नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारा, थोडी जास्त लांबी असलेला शॉकअप. महाग आहे. पण मूळ शॉकअप तसाच ठेवून त्याच्यावर लांब, कडक स्प्रिंग चढवली तर ती आवरायचं बळ त्याच्यात नसतं आणि गाडी डुलत राहते.

उंची किती? पुढे ४० ते ५० मिलिमीटर. या मर्यादेत कंपनीचे आर्म आणि सीव्ही जॉइंट सहसा तग धरतात. त्यापुढे गेलात तर वरचे आर्म बदलणं आलं, पुढचा डिफरन्शिअल खाली घेणं आलं, आणि एकातून दुसरं निघत खर्चाचं शेपूट लांबत जातं. ५० मध्येही कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. म्हणजे वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ यायला आळस करतं आणि हायवेवर गाडी भरकटल्यासारखी वाटते. अलाइनमेंटवाल्याला "फक्त टो बघ" (चाकांची तोंडं आत-बाहेर आहेत का तेवढंच) म्हणून सोडू नका. कास्टर आणि कॅम्बरसकट (चाकाचा उभा कल) छापील कागद मागा.

पाचवी पायरी: मागचे पाटे

मागे करायचं काम सोपं वाटतं आणि तिथेच सगळ्यात जास्त जुगाड होतो. ॲक्सल आणि पाट्यांमधे लोखंडी ठोकळा ठेवून लांब यू-बोल्ट आवळले की झालं, असं मेकॅनिक सांगतो. उंची मिळते हे खरं. पण जोरात ब्रेक लावला किंवा पहिल्या गिअरमध्ये ओढलं की ॲक्सल पाट्यांना पिळतो, आणि ठोकळ्यामुळे त्या पिळाला लांब दांडी मिळते. ठोकळ्यावर ठोकळा ठेवलेला दिसला तर त्या गॅरेजमधून गाडी परत आणा. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा दुवा) लावणं त्यापेक्षा बरं, पण त्यानं ॲक्सलचा कोन थोडा फिरतो आणि मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट थरथरायला लागू शकतो.

एक जादा पाटा घालणं हा गावाकडचा जुना उपाय. कायम माल वाहणाऱ्या गाडीला तो चालतो. रिकाम्या गाडीला मात्र नाही, कारण त्या एका पाट्यानं मागचा भाग लाकडासारखा कडक होतो.

म्हणून पूर्ण नवा पाट्यांचा संच, वजनाप्रमाणे, सोबत नवे बुश (सांध्यातले रबर), नवे यू-बोल्ट आणि जुळणारे शॉकअप. यू-बोल्ट जुने परत वापरू नका, आवळल्यावर ते ताणले गेलेले असतात. कंपनीची रिकामी पिकअप मागून थोडी उंचच असते, भार टाकल्यावर सपाट यावी म्हणून. त्यामुळे मागे पुढच्याइतकं उचलायची गरज क्वचितच पडते.

मागवताना एक खड्डा

ऑस्ट्रेलिया-थायलंडमध्ये २०१९-२० पासून डी-मॅक्सची नवी पिढी आली. आपल्याकडे २०२१ ला आलेली बीएस-६ व्ही-क्रॉस मात्र आधीच्याच पिढीची आहे. "२०२१ ची डी-मॅक्स" असं सांगून परदेशातून किट मागवलं तर नव्या पिढीचं येतं आणि बसत नाही. मागवताना २०१२ ते २०१९ च्या पिढीचं सांगा आणि पार्ट नंबर विक्रेत्याकडून लेखी घ्या.

कायद्याचं काय?

हे टाळून पुढे जाता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लोखंडी बुल-बारवर कारवाई करा, असं पत्र केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पाठवलं होतं, म्हणून वर लोखंडी बंपरचा उल्लेख केला असला तरी रस्त्यावरच्या गाडीला तो लावा असं मी म्हणणार नाही.

याचा व्यवहारी अर्थ असा की, कंपनीनं तुमच्याच मॉडेलच्या कुठल्या प्रकाराला दिलेलं माप घ्याल तेवढे निवांत राहाल. कंपनीच्याच उंचीचे चांगले शॉकअप आणि वजनाला जुळणारे पाटे लावणं ही देखभाल आहे. दोन इंच उचलून मोठे टायर घालणं हा बदल आहे. करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर टायरचं माप वाचतोच, आणि न कळवलेला बदल हे दावा अडवायला आयतं कारण ठरतं.

सहावी पायरी: बसवायचा दिवस

गॅरेजमध्ये जाण्याआधी सपाट जागी गाडी उभी करा. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घ्या आणि फोटो काढा. टायरच्या टोकापासून मोजू नका, हवा कमी-जास्त असली की माप चुकतं. बसवल्यावर हेच माप पुन्हा घ्यायचं. डावी-उजवीत थोडा फरक असतो, ड्रायव्हरच्या बाजूला वजन जास्त पडतं. १० मिलिमीटरच्या वर फरक असेल तर स्प्रिंगा उलटसुलट लागल्या असतील.

एक गोष्ट स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या गाडीचे पाटे बसवताना मेकॅनिकनं गाडी लिफ्टवर असतानाच सगळे बुशचे बोल्ट पूर्ण आवळून टाकले. चाकं हवेत लोंबत होती. खाली उतरवल्यावर गाडी वजनानं बसली, पण बोल्ट आवळलेले असल्यानं बुशचं रबर कायम पिळलेलंच राहिलं. चार महिन्यांत रबर फाटलं आणि मागून कुरकुर सुरू झाली. मला वाटलं पाटेच निकृष्ट. विक्रेत्याशी भांडलो, परत पाठवायची धमकी दिली. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं आणि हसला. म्हणाला, "गाडी पायावर उभी राहू द्यायची, मग आवळायचं." तेव्हापासून मी गॅरेजमध्ये स्वतः उभा राहतो. बोल्ट हातानं लावा, गाडी जमिनीवर घ्या, दोनदा पुढे-मागे हलवा आणि मग टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. पुढच्या आर्मचे बोल्टही असेच.

पुढची स्प्रिंग शॉकअपवरून उतरवायचं काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात-तोंड फोडते. त्याला व्यवस्थित कॉम्प्रेसर आणि अनुभवी माणूस लागतो.

खाली उतरवण्याआधी चाकं पूर्ण लोंबू द्या आणि ब्रेकचे रबरी पाइप, एबीएसच्या तारा आणि ॲक्सलचा ब्रीदर पाइप (आतली हवा ये-जा करणारी नळी) ताणले जात नाहीत ना ते बघा. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीनं जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, तो हौद्यातलं वजन ओळखून मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. गाडी उचलली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे आणि मागचा ब्रेक कमजोर पडतो. तुमच्या गाडीला तो असेल तर त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते. हेडलाइटही खाली घ्या. पुढून दोन इंच उचललेली गाडी रात्री समोरच्याच्या थेट डोळ्यांत प्रकाश मारते आणि शिव्या खाते.

पहिले हजार किलोमीटर

चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरला पुन्हा आवळा. यू-बोल्ट ५०० ला, कारण नवे पाटे एकमेकांवर बसायला वेळ घेतात आणि बोल्ट सैल पडतात. त्याच सुमाराला पुन्हा अलाइनमेंट करा. स्प्रिंगा थोड्या बसतात, पाच-दहा मिलिमीटर उंची कमी होते, त्यानं घाबरू नका.

एकदा रिकाम्या मैदानात नेऊन पूर्ण डावं, पूर्ण उजवं वळवा, पुढे आणि मागेही. मग एक चाक उंचवट्यावर चढवून तेच करा. घासल्याची चमकदार खूण प्लॅस्टिकवर दिसते. मडफ्लॅप थोडा मागे घेऊन बऱ्याचदा भागतं.

हवा किती ठेवायची हा नेहमीचा प्रश्न. दाराच्या खांबावरचा आकडा कंपनीच्या टायरसाठी आहे. जाड थरांच्या, एलटी (लाइट ट्रक) खूण असलेल्या टायरला तेवढाच भार पेलायला जास्त हवा लागते. माझी रीत अशी: सकाळी थंड टायरचं प्रेशर बघायचं, हायवेवर अर्धा तास चालवून पुन्हा बघायचं. साधारण ४ पीएसआय वाढलं तर ठीक. जास्त वाढलं तर मुळात हवा कमी होती, टायर पिळून तापला. कमी वाढलं तर हवा जास्त आहे. दोन-तीन खेपांत तुमच्या गाडीचा आकडा सापडतो.

आणि जॅक. कंपनीचा जॅक आता चाक जमिनीवरून सुटण्याआधीच संपतो, कारण चेसिसही वर गेला आणि टायरही मोठा झाला. पंक्चर होण्याआधी घरच्या अंगणात एकदा स्टेपनी बदलून बघा. जॅकखाली ठेवायला सागाची किंवा बाभळीची दोन इंच जाड, वीतभर रुंद फळी हौद्यात टाकून ठेवा. ओल्या मातीत जॅक रुततो तेव्हाही तीच कामाला येते.